तिसऱ्या टप्प्यातली सेफ्टी पिन

माझ्याकडे समुपदेशनाला साठी-सत्तरीची माणसं एक प्रश्न हमखास घेऊन येतात. आयुष्यभर भक्ती केली, आता मन लागत नाही. देव रुसला का? कुणाची पोथी तशीच उघडी राहते, कुणाचा हरिपाठ अर्ध्यात तुटतो. फोंड्याला माझ्याकडे आलेल्या सिस्टरांचा तेर्स तुटत होता. (सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, नन नव्हे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मूळच्या नगरकडच्या, कॅथलिक, लग्नानंतर गोव्यात. घरात मराठी, पण जपमाळेला मात्र इथल्यासारखं तेर्स म्हणायच्या.

नवरा अर्धांगवायूनं तीन वर्षं अंथरुणावर. रात्री त्या माळ घेऊन बसल्या की दहा-दहा मण्यांच्या पाच टप्प्यांतल्या तिसऱ्याला हमखास हाक येई. मग कपडे बदलायचे, पाठ पुसायची, पावडर लावायची. "परत बसले की नुसत्या जांभया. पूर्वी मरियेच्या नावानं डोळे भरायचे हो."

बोलता बोलता त्यांनी गाऊनच्या खिशातून माळ काढली. एका मण्याजवळ सेफ्टी पिन अडकवलेली होती. जिथं उठावं लागलं, त्या जागेची खूण.

आधी माझं नेहमीचं काम केलं. झोप जेमतेम चार तास, भूक बरी, जीव नकोसा वगैरे काही नाही. तरी डॉक्टरांकडे पाठवून थायरॉइड बघायला लावलं, आणि आठवड्यातून दोन रात्री बाई ठेवा म्हणून मुलाला फोन केला. थकव्याला अध्यात्म म्हणून गोंजारणं मला अजिबात पटत नाही.

पण सगळं थकव्यावर ढकलणंही खरं नव्हतं. सोळाव्या शतकातल्या स्पेनमधले कार्मेल या संन्यासी संघाचे संत योहान यांनी या कोरडेपणावर बारकाईनं लिहिलंय. स्वतःच्याच संघातल्या लोकांनी त्यांना तोलेदोला महिनोन्महिने कोंडून ठेवलं होतं. अंधार त्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता. हा उदासपणाचा आजार आहे, भक्तीतला आळस आहे की आतली वाढ, हे ओळखायच्या तीन खुणा ते देतात. देवाच्या गोष्टीत गोडी नाही, पण इतर कशातही नाही. पूर्वीसारखं चिंतन जमत नाही. आणि तिसरी मला सगळ्यात मोलाची वाटते: आपली सेवा कमी पडतेय, याची टोचणी. ज्याचं मनच उडालं, त्याला टोचत नाही.

सिस्टरांना मी एवढंच म्हटलं, "देवाला सोडलेलं माणूस पिन कशाला लावेल?"

त्या माळेकडे बघत राहिल्या.

कार्मेल संघातल्याच अविलाच्या संत तेरेजांची आठवण मग त्यांनीच काढली. फादर प्रवचनात सांगायचे म्हणे. तेरेजांनी आत्म्याच्या सात दालनांचं पुस्तक १५७७ साली, बासष्टीच्या वयात लिहिलं. त्यात त्या म्हणतात की देवावर आपलं प्रेम आहे की नाही, हे नक्की कळत नाही. शेजाऱ्यावर आहे की नाही, हे मात्र कळतं. मी वारकरी घरातली. पण ख्रिस्ताची कथा ओव्यांत सांगणारं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये इथंच राशोलला छापलं गेलं, त्यामुळे ही बोली मला परकी वाटत नाही.

"हाक आल्यावर राग येतो?" मी विचारलं.

"येतो. खोटं कशाला बोलू? पण पावडर लावेपर्यंत उतरतो."

"पूर्वी?"

"पूर्वी दोन-दोन दिवस अबोला धरायचे मी. ते धडधाकट होते तेव्हा."

हे बोलून त्या स्वतःच हसल्या. पुढचं काम माझं नव्हतं. मी त्यांना त्यांच्या फादरांशी बोलायला सांगितलं.

दोन महिन्यांनी, पावसाच्या झडीत, त्या परत आल्या. झोप सुधारली होती, कोरडेपणा तसाच होता. माळ दाखवली तर पिन नाही.

"ह्यांच्या पायजम्याचं बटण तुटलं, तिथं लावली."

"मग तेर्स कुठून धरता?"

"आठवेल तिथून."