वाचकांचे प्रश्न : चित्रकथाकाराच्या कच्च्या वह्या

प्रश्न : माझे दिवंगत सासरे 1970-80च्या दशकांत मुलांसाठी चित्रकथा काढत. माळ्यावर त्यांच्या अकरा वह्या सापडल्या. आगपेटीएवढ्या चौकटी, खोडलेले संवाद, चिकटपट्टीने डकवलेले कपटे, सगळीकडे फिकट निळ्या रेघा. रेघा पुसून स्कॅन करावं का? — एक वाचक, सातारा

उत्तर : रबर लांब ठेवा. त्या काळी छपाईसाठी चित्राचा फोटो लिथो फिल्मवर, म्हणजे फक्त काळं-पांढरं टिपणाऱ्या फिल्मवर, घेत. त्या फिल्मला फिकट निळा रंग कोऱ्या कागदासारखाच दिसे. म्हणून कच्चं रेखाटन निळ्या पेन्सिलीने, पक्कं काळ्या शाईने. पुसायची गरजच नसे. आज त्या रेघेवरूनच कळतं, आकृती आधी कुठे होती आणि कुठे सरकवली. स्कॅनमध्ये पहिला बळी तिचाच जातो : करड्या छटेत स्कॅन केलं किंवा 'ऑटो' दुरुस्ती चालू राहिली, की कागद उजळवताना तीही धुऊन निघते. तेव्हा स्कॅन रंगीतच, 24 बिट, दुरुस्ती बंद. चित्रांना 600 डीपीआय (दर इंचाला ठिपके), नुसत्या मजकुराला 300 पुरे. फाइल टिफ, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या प्रकारची. 600ला ए-फोर पान साधारण 100 एमबी होतं, म्हणजे शंभर पानी वहीला 10 जीबी. हार्ड डिस्क दोन घ्या. वही सपाट उघडत नसेल तर काचेवर दाबू नका, शिवण तुटते. दोन्ही बाजूंना पुस्तकांचा टेकू देऊन वही अर्धवटच उघडा आणि कॅमेऱ्याने फोटो घ्या. पांढऱ्या रंगाने झाकलेल्या दुरुस्त्या टेबललॅम्प अगदी आडवा धरला की उठून दिसतात. त्यांचा वेगळा फोटो हवा.

कपटे सुटले असतील तर उचलण्याआधी जागच्या जागी फोटो, मग मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने वही आणि पान क्रमांक. चिकटपट्टी ओढू नका, कागदाचा वरचा पापुद्रा सोबत येतो. लॅमिनेशन तर मुळीच नको; ते परत निघत नाही. झेरॉक्स प्रती पीव्हीसीच्या फायलीत ठेवल्या तर काळी भुकटी प्लॅस्टिकला चिकटते. हात धुऊन कोरडे केले की पुरे, सुती हातमोज्यांत पानाची कड अडकून फाटते.

प्रश्न : त्या छोट्या चौकटी म्हणजे काय? — तेच वाचक

उत्तर : पानांची आखणी. 32 चौकटी मोजून आल्या तर दोन सोळापानी फॉर्म्यांचं (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या सोळा पानांचा एक फॉर्मा) पुस्तक समजा. सम आकडा म्हणजे डावं पान. ते पान उलटल्यावरच दिसतं, म्हणून धक्का बहुधा तिथे. एखादा प्रसंग 13वरून 14वर बाण काढून ढकललेला दिसला तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी. छापील अंक मिळाला तर शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न : या वह्या छापता येतील? — तेच वाचक

उत्तर : वही तुमची म्हणून हक्क तुमचा, असं नाही. भारतात स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो आणि वारसांकडे जातो; पण नोकरीत किंवा करारावर काढलेल्या कामाचा हक्क प्रकाशकाकडे असू शकतो. सर्व वारसांची लेखी संमती घ्या आणि जुने करारनामे त्याच माळ्यावर शोधा. छापताना कच्चं चित्र आणि वाचून उतरवलेला मजकूर वेगळा ठेवा. टिनटिन या चित्रकथांचे बेल्जियन चित्रकार एर्जे 1983 साली वारले तेव्हा अपुरी राहिलेली टिनटिनची शेवटची कथा 1986मध्ये कच्च्या रेखाटनांच्या रूपातच आली, त्या आवृत्तीत कोणी ती पूर्ण करून दिली नाही. वहीतल्या अर्धवट चेहऱ्यांवर शाई फिरवायचा मोह होईल. तो टाळा.