देश नंतर, आधी रेणू ठरव

एमएस्सी फिजिक्स संपत आलंय, लेसरने कायरल प्रथिनांवर काम करायचंय, तर पीएचडीला जर्मनीत यावं का, असं तू विचारलंस. ये. पण आधी रेणू कुठला ते ठरव.

कायरल रेणू म्हणजे डाव्या-उजव्या चपलांची जोडी. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याचं विद्युतक्षेत्र पुढे जाताना स्क्रूसारखं फिरतं तो, हाही डावा-उजवा असतो आणि रेणू त्यातला एक किंचित जास्त शोषतो. किंचित म्हणजे सहसा हजारातल्या एका भागाहूनही कमी. प्रथिनातली सर्पिल घडी बघायला २२२ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश लागतो.

मी आहे जर्मनीतल्या कासेलला. इथल्या विद्यापीठात २०१२ मध्ये कापराच्या वाफेवर वर्तुळाकार ध्रुवित फेम्टोसेकंद लेसर (अतिसूक्ष्म काळाचे झोत) टाकून, सुटणारे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या दिशेत पुढे जास्त जातात की मागे, हे मोजलं. या पद्धतीत फरक थेट टक्क्यांत दिसतो. पण प्रथिनाची अशी वाफ होत नाही, तापवलं की अंड्यासारखं उकडतं! तुला प्रथिनंच हवी असतील तर द्रावणात मोजणारा गट शोध. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला तसं काम झालंय.

आमच्याकडे दिवस जातो आरसे जुळवण्यात. पहिल्या वर्षी मला झकास सिग्नल मिळाला, मी घरी फोनसुद्धा केला. मग डावा-उजवा समसमान असलेला कृत्रिम कापूर घालून पाहिला, देवघरात असतो साधारण तसलाच. उत्तर शून्य यायला हवं होतं. आलं नाही. प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित करणाऱ्या क्वार्टर-वेव्ह प्लेटनंतर मी ४५ अंशात एक आरसा ठेवला होता, तो ध्रुवण बिघडवत होता. तीन महिन्यांचा डेटा टोपलीत.

पैशांचं थोडक्यात: पीएचडी इथे बहुधा नोकरी असते, पण पगार अनेकदा अर्ध्या किंवा पाऊण पदाचा. करारात टक्का बघ. फी नाही, सेमिस्टरची वर्गणी तेवढी. करार हातात असेल तर ब्लॉक्ड अकाउंटची (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच खात्यात अडकवून ठेवण्याची) भानगड सहसा नसते. आल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, म्हणून खोली घेताना घरमालक त्यासाठी लेखी देईल ना, ते आधी विचार. लॅबमध्ये इंग्रजी चालतं, सरकारी खिडकीवर जर्मनच.

प्राध्यापकांना मेल करशील तेव्हा एक विचारच: एका लेसरवर किती जण, आणि माझ्या वाट्याला आठवड्यात किती दिवस? आमच्याकडे मला दोनच मिळतात, त्यातला एक रविवार.