मागचे ब्रेक शू बदलल्यावर कारचे पेडल मऊ लागते आणि फार खाली जाते, काय करावे?

आधी मागच्या ड्रममधले शू अ‍ॅडजस्ट करावेत आणि मगच चारही चाकांचे ब्रेक ब्लीड करून पाइपातली हवा काढावी. शू ड्रमपासून लांब राहिले, तर त्यांना टेकवण्यातच पेडलची बरीचशी चाल खर्ची पडते. शिवाय ब्रेक ऑइल दाबले जात नाही, पण हवा दाबली जाते, म्हणून पेडल मऊ लागते. पेडल भराभर पंप केल्यावर वर येऊन घट्ट झाले, तर दोष बहुधा शूच्या अंतराचा. वर येऊनही लवचीक राहिले, तर हवेचा. ब्लीड करताना चाकाच्या ब्रेकवरील निपलला (हवा काढण्याच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइलमध्ये बुडवावे, बुडबुडे बंद होईपर्यंत काम सोडू नये आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी किमान खुणेखाली जाऊ देऊ नये, नाहीतर पुन्हा हवा शिरून सगळी मेहनत वाया जाते. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद डब्यातले घ्यावे. मात्र पाय स्थिर दाबून ठेवला असताना पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर बहुधा मास्टर सिलिंडरची (पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या भागाची) रबरे गेलेली असतात. अशी गाडी दुरुस्तीपूर्वी कृपया रस्त्यावर काढू नका.