परदेशातून आलेला ताप नागपुरात वेळेत ओळखला जाईल का?

आपले थोरले बंधू काँगोमध्ये नोकरीला आहेत आणि दोह्यामार्गे दिवाळीला नागपूरला येणार आहेत, असे आपण लिहिले आहे. इबोलासारखा आजार एखाद्या प्रवाशाबरोबर येथे आलाच, तर तो वेळेत ओळखला जाईल का आणि रुग्णालयांनी कोणती तयारी ठेवावी, असा आपला प्रश्न आहे. मी नागपुरात वीसहून अधिक वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो आहे. माझे उत्तर असे की, असा रुग्ण बहुधा विमानतळावर सापडणार नाही. तो केसपेपरच्या खिडकीवर सापडेल, आणि तोही तेथे बसलेल्या माणसाने ‘गेल्या एकवीस दिवसांत आपण कुठे होता?’ असे विचारले व मिळालेल्या उत्तरावर कोणी तरी लगेच पाऊल उचलले, तरच.

विमानतळावरील तापमापकाला त्या दिवशी असलेला तापच तेवढा दिसतो. इबोलाची लक्षणे लागण झाल्यापासून २ ते २१ दिवसांत केव्हाही दिसू शकतात. म्हणजे आज ठणठणीत उतरलेला प्रवासी दोन आठवड्यांनी, घरचा फराळ संपत आला असताना आजारी पडू शकतो. (लक्षणे दिसू लागण्यापूर्वी इबोला इतरांना होत नाही, हे मात्र घरातील सर्वांना आवर्जून सांगावे.) शिवाय नागपूरला संसर्ग केवळ विमानाने येईल असेही नाही. निपाह या विषाणूजन्य आजाराचे उद्रेक केरळमध्ये २०१८पासून अनेकदा झाले आहेत आणि केरळ एक्सप्रेस रोज आपल्या स्थानकावरून जाते. तेथे कोणाचा ताप कोण मोजणार?

प्रश्न विचारणे पुरेसे नसते, हे २०१४ साली अमेरिकेतील डॅलस शहरात दिसले. लायबेरियाहून आलेले थॉमस एरिक डंकन २५ सप्टेंबरला ताप आणि पोटदुखी घेऊन रुग्णालयात गेले. आपण आफ्रिकेतून आलो आहोत, हे त्यांनी परिचारिकेला सांगितले आणि तिने ते नोंदवलेही. तरी प्रतिजैविके देऊन त्यांना घरी पाठवण्यात आले. २८ तारखेला ते रुग्णवाहिकेतून परत आले, ८ ऑक्टोबरला त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये लायबेरियाहूनच आलेला एक प्रवासी नायजेरियातील लागोस येथे विमानतळावर कोसळला. त्याच्यावर आधी हिवतापाचे उपचार सुरू झाले होते आणि इबोलाच्या रुग्णाशी संपर्क आल्याचे तो नाकारत होता. परंतु डॉ. अमेयो अदादेवोह यांना शंका आली आणि त्याला सोडण्यासाठी दबाव येऊनही त्यांनी सोडले नाही. पुढे सुमारे ८९४ संपर्कांचा माग काढण्यात आला आणि दोन कोटींच्या आसपास वस्तीच्या त्या महानगरात आजार आला असूनही संपूर्ण देशात तो २० रुग्णांवर थांबला. त्यांपैकी आठ दगावले, डॉ. अदादेवोह त्यांच्यातच होत्या. साधनसंपन्न डॅलसमध्ये जे निसटले, ते लागोसमध्ये एका डॉक्टरांच्या हट्टामुळे सापडले, हे मी माझ्या निवासी डॉक्टरांना दरवर्षी सांगतो.

माझाही एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात काम करत होतो, तेथे ऐन पावसाळ्यात तापाचा एक तरुण दाखल झाला. त्या दिवसांत विदर्भात डेंग्यू, स्क्रब टायफस आणि हिवताप यांच्या रुग्णांनी वॉर्ड भरलेले असतात, त्यामुळे त्याला डेंग्यू गृहीत धरला गेला. तो आफ्रिकेतून नुकताच परतला आहे, हे तिसऱ्या दिवशी त्याच्या आईने बोलता बोलता सांगितले. त्याला फॅल्सिपेरम हा हिवतापाचा घातक प्रकार निघाला आणि तो वाचला, पण दोन दिवस वाया गेले होते, आणि त्यांत माझाही एक राउंड होता.

म्हणूनच एक गोष्ट ठासून सांगतो. काँगोहून आलेल्या माणसाला ताप आला, तर तो इबोलापेक्षा हिवताप असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते, आणि फॅल्सिपेरम काही दिवसांत जीव घेऊ शकतो. संशयिताला वेगळे ठेवले म्हणून त्याची हिवतापाची तपासणी अडता कामा नये. ती किटवर खाटेजवळच करता येते. मात्र हिवताप निघाला म्हणून दुसरी शंका आपोआप मिटत नाही.

तयारीला फार मोठ्या इमारती लागत नाहीत. स्वतःचे शौचालय असलेली एक खोली, शक्यतो बाहेरून दार असलेली, एवढ्यावर छोट्या रुग्णालयालाही पहिले काही तास निभावता येतात. त्या खोलीत कोण, केव्हा, कशासाठी गेले याची वही पहिल्या मिनिटापासून दाराशी हवी, कारण पुढे संपर्क शोधताना कोणाचीही स्मरणशक्ती पुरी पडत नाही. संरक्षक पोशाख घालण्यापेक्षा उतरवताना अधिक धोका असतो. त्यामुळे तो क्रमाने, दुसऱ्याच्या देखरेखीखाली उतरवण्याचा सराव परिचारिकांबरोबरच सफाई कर्मचाऱ्यांना आणि वॉर्डातील मावशींनाही द्यावा लागतो. माझ्या पाहण्यात नेमके हेच लोक प्रशिक्षणातून वगळले जातात, आणि मला ते अक्षम्य वाटते. नमुना घेण्याआधी महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाला दूरध्वनी करावा. नमुना तिहेरी वेष्टनात, थंड ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे कसा पाठवायचा, हे तेथून ठरते. नागपूर आणि पुण्याचे हे नाते जुने आहे: १९६५मध्ये येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला आणि त्याला आपल्याच चांदीपुराचे नाव मिळाले.

आपल्या बंधूंना पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड हाताशी ठेवायला सांगा. काँगोहून येणाऱ्यांना भारतात ते दाखवावेच लागते. निघण्यापूर्वी ते राहतात त्या प्रांतात उद्रेक चालू आहे का, हे त्यांनी पाहावे, आणि असल्यास घरी आल्यावर एकवीस दिवस रोज दोनदा ताप मोजून तारखेसह लिहून ठेवावा. ताप आलाच, तर ऑटोने थेट कोणत्याही ओपीडीत नेऊ नका. आधी दूरध्वनी करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की, रुग्ण अमुक तारखेला काँगोहून आला आहे. समोरच्याने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले, तर पुन्हा सांगा, आणि ते केसपेपरवर लिहिल्याची खात्री होईपर्यंत सांगत राहा.