पाठदुखीसाठी कडक गादी घेतली, आता खांदा आणि खुबा दुखतो. गादी नेमकी किती कडक असावी?

तुम्ही दिलेली माहिती अशी: वजन ५८ किलो, झोप बहुतेक कुशीवर, दोन महिन्यांपूर्वी दुकानदाराच्या सल्ल्याने ५ इंची ‘ऑर्थो’ गादी घेतली. कंबर थोडी बरी आहे, पण सकाळी खांदा आणि खुबा ठणकतो. मिस्टरांचं वजन ८८ किलो आणि त्यांना तीच गादी झकास वाटते.

गादी खराब नाही, तुमच्या वजनाला आणि कुशीवरच्या झोपेला ती जास्त कडक आहे. नवी घेण्याआधी तुमच्या बाजूला २ इंची मऊ टॉपर (गादीवर अंथरायचा पातळ थर) टाकून दोन-तीन आठवडे झोपून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं.

आपल्याकडे ‘कडक म्हणजे पाठीला चांगली’ हे इतकं मुरलंय की कडकपणा आणि आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच कुणी सांगत नाही. कडकपणा म्हणजे आडवं झाल्यावर अंगाला काय टोचतं किंवा काय मऊ लागतं ते. आधार म्हणजे मानेपासून माकडहाडापर्यंत कणा नैसर्गिक ठेवणीत राहणं. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि खुबा हे सर्वांत रुंद भाग गादीत थोडे रुतायला हवेत, तरच मधली कंबर गादीला टेकते. कडक गादीत ते रुतत नाहीत. सगळा भार त्या दोन ठिकाणी येतो आणि कंबर अधांतरी राहते. फार मऊ गादीत उलट होतं, खुबा खोल जातो आणि कणा झोळीसारखा वाकतो. मिस्टरांच्या ८८ किलोंनी तीच गादी जास्त दबते, म्हणून त्यांना ती मध्यम लागते. म्हणजे गादीवर छापलेलं ‘फर्म’ किंवा ‘मीडियम’ हे अर्धंच उत्तर आहे, उरलेलं अर्धं तुमच्या वजनात आणि झोपण्याच्या पद्धतीत आहे.

२००३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम-कडक गादी दिली, आणि ९० दिवसांनी मध्यम-कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला दिसला. आणि ‘ऑर्थोपेडिक’ हे नाव कंपनी स्वतःच देते, ते वैद्यकीय प्रमाणपत्र समजू नका.

आता घरच्या घरी तपासा. उताणं झोपा आणि कंबरेच्या खालच्या पोकळीत तळहात सरकवा. हात सहज आरपार जात असेल तर गादी कडक आहे. हात शिरतच नसेल तर मऊ आहे. थोडा अडून, दोन्हीकडे अंग लागत सरकला तर ठीक. मग नेहमीच्या कुशीवर, नेहमीच्या उशीसह झोपा आणि घरच्या कुणाला मागून, गादीच्या उंचीवरून फोटो काढायला सांगा. मानेच्या खालच्या हाडापासून माकडहाडापर्यंतची रेघ आडवी सरळ दिसली पाहिजे. दुकानातही हेच करा, आणि किमान १० मिनिटं पडून राहा. बसून किंवा हाताने दाबून काहीही कळत नाही.

दुकानात सगळ्यात मोठा घोळ होतो तो ‘डेन्सिटी’वरून. ३२ किंवा ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ३२ किंवा ४० किलो. तो टिकाऊपणाचा आकडा आहे, कडकपणाचा नाही. ४० चा फोम मऊ असू शकतो आणि २८ चा कडक. कडकपणा वेगळा मोजतात: फोमवर गोल चकती दाबून, तो ठरावीक टक्के दबायला किती जोर लागतो ते बघून. हा आकडा दुकानात सहसा मिळत नाही, म्हणून झोपून पाहण्याला पर्याय नाही. डेन्सिटी मात्र तुम्ही वजनकाट्यावर पडताळू शकता. एक घनफूट ३२ डेन्सिटी फोमचं वजन साधारण ९०० ग्रॅम, ४० चं साधारण १ किलो १३० ग्रॅम. ६ फूट बाय ३ फूट, ६ इंच जाडीची गादी म्हणजे ९ घनफूट. सलग ३२ डेन्सिटी फोम असेल तर ती ८ किलोच्या थोडी वर भरली पाहिजे, ४० असेल तर १० किलोच्या थोडी वर. कव्हरचं वजन त्याशिवाय. गादी याहून बरीच हलकी भरली तर आत काय आहे ते चेन उघडून दाखवायला सांगा. चेन नसेल तर थरांची माहिती बिलावर लिहून घ्या.

‘ऑर्थो’ गादीत बहुधा खाली रिबॉन्डेड फोम असतो, म्हणजे फोमचे रंगीबेरंगी तुकडे दाबून, चिकटवून केलेला ठोकळा. तो जड आणि टणक असतो आणि वजनदार माणसाला चांगला आधार देतो. अडचण वरच्या थराची. तो अनेकदा जेमतेम एक इंच असतो, कुशीवर झोपणाऱ्याचा खुबा तेवढ्यात खालच्या ठोकळ्याला लागतो. रबर लावलेल्या काथ्याच्या गादीचंही तेच, शिवाय मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती दमट राहिली तर वास धरते. स्वस्त गाद्यांत ईपीई शीट घालतात, टीव्हीच्या खोक्यात सामानाभोवती येतं तेच पांढरं हलकं फोमसारखं आवरण. पहिले काही महिने ते कडक लागतं आणि मग जिथे झोपता तिथे चपटं होऊन बसतं. अशी गादी घेऊ नका.

टॉपर घेताना लॅटेक्स (रबराचा लवचिक फोम) किंवा चांगल्या डेन्सिटीचा मऊ फोम बघा. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो, म्हणून नाशिक-नागपूरच्या थंडीत आडवं होताना तो घट्ट लागतो आणि उन्हाळ्यात गरम वाटतो. एसी न लावता पंख्याखाली झोपत असाल तर लॅटेक्सच बरा. आणि दोन्ही फोम उन्हात टाकू नका. कापसाच्या गादीला ऊन मानवतं, लॅटेक्स आणि फोम मात्र उन्हाने पिवळे पडून ठिसूळ होतात. त्यांना सावलीत, वाऱ्यावर उभं करा.

फक्त तुमच्या बाजूला टॉपर टाकला तर मध्ये २ इंचांची पायरी राहील. ती टोचली तर पुढच्या खरेदीत ७२ इंच रुंद पलंगावर ३६ इंची दोन वेगळ्या गाद्या, सारख्याच जाडीच्या, शेजारी ठेवा: एक मध्यम, एक कडक. इतक्या वेगळ्या वजनांसाठी एकच गादी शोधत बसण्यापेक्षा हे सोपं.

टॉपर मऊपणा वाढवतो, खड्डा भरून काढत नाही. गादीवर आडवी सरळ काठी ठेवून मधलं अंतर मोजा. अंगाचा भार नसतानाही एक-दीड इंचाचा खड्डा दिसला तर ती गादी संपली. त्याआधी गादी बाजूला करून पलंगाची फळीही काठीने तपासा, कारण स्टोरेजच्या पलंगाचं पातळ प्लायवूड मध्ये वाकतं आणि दोष गादीवर जातो. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांत तीन इंचांहून जास्त फट नको. दर तीन महिन्यांनी गादीची डोक्याची बाजू पायाकडे करा. उलटी मात्र दोन्ही बाजू सारख्या असतील तरच.

तुमच्या खांद्याच्या दुखण्यात उशीचाही हात असू शकतो. कुशीवर असताना उशीने कान आणि गादी यांमधलं अंतर पूर्ण भरलं पाहिजे. टॉपर टाकल्यावर खांदा खाली जातो, म्हणून आधीची उशी उंच वाटू लागेल. त्याच आठवड्यात ती थोडी पातळ करा, आणि गुडघ्यांच्या मध्ये एक छोटी उशी ठेवा म्हणजे वरचा पाय कंबरेला पिळत नाही.

दुखणं नितंबातून पायात उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, किंवा कूस बदलूनही रात्रभर कमी होत नसेल तर गादीचा विचार बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा कमी झाल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.