बालरथ पुढे जातो, ठिपका मागे राहतो

प्रश्न : आमच्या शाळेच्या बालरथाचे, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या बसचे, ठिकाण पालकांना मोबाइलवर दिसावे, यासाठी मी एक लहानसे अँड्रॉइड अ‍ॅप तयार केले आहे. चालकाच्या फोनवर अ‍ॅप उघडे असेपर्यंत ठिकाण दर मिनिटाला मिळते. फोन खिशात गेला की थोड्याच वेळात ते येणे बंद होते. म्हणून साधी सर्व्हिस (पडद्यामागे काम करत राहणारा अ‍ॅपचा भाग) सोडून मी वर्कमॅनेजर (ठरावीक अंतराने काम करून घेणारे अँड्रॉइडचे साधन) वापरला आणि एक मिनिटाचे अंतर दिले, तर ठिकाण पंधरा-पंधरा मिनिटांनी येऊ लागले. तोवर नकाशावर होंडा गावात दिसणारी बस वाळपईत पोहोचलेली असते. ठिकाण वापरू देण्यासाठीचा ‘नेहमी परवानगी’ हा पर्यायही चालकाने निवडला आहे. चूक कुठे होत असावी?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : आपण निवडलेली दोन्ही साधने या कामाची नव्हेत. वर्कमॅनेजरमध्ये आवर्ती कामाचे किमान अंतर १५ मिनिटांचे आहे आणि आपण एक मिनिट लिहिले तरी तो १५ मिनिटेच धरतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने चाललेली बस तेवढ्यात साडेसात किलोमीटर पुढे जाते. साध्या सर्व्हिसची अडचण निराळी आहे. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून, पडद्यामागे गेलेल्या अ‍ॅपची सर्व्हिस थोड्या वेळाने थांबवली जाते आणि अशा अ‍ॅपला ठिकाण तासातून मोजक्याच वेळा मिळते. हे बंधन बॅटरी वाचवण्यासाठी असल्यामुळे ‘नेहमी परवानगी’ दिल्याने ते सुटत नाही.

आपल्याला हवी ती फोरग्राउंड सर्व्हिस, म्हणजे आपण चालू असल्याची सूचना फोनवर दाखवत काम करणारी सर्व्हिस. चालकाने सकाळी बस काढताना अ‍ॅप उघडून ‘फेरी सुरू’ हे बटण दाबावे, त्याच वेळी ती सुरू करावी आणि पाच सेकंदांच्या आत तिची सूचना सिस्टिमकडे सोपवावी. उशीर झाल्यास अ‍ॅप कोसळते. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाइलमध्ये, तिचा प्रकार ‘लोकेशन’ असा नोंदवावा, आणि अ‍ॅप अँड्रॉइड १४ किंवा त्यापुढील आवृत्तीसाठी बांधत असाल तर त्या प्रकारची स्वतंत्र परवानगीही तिथेच जाहीर करावी.

अ‍ॅप डोळ्यांसमोर असताना सुरू झालेल्या अशा सर्व्हिसला ‘अ‍ॅप वापरत असताना’ एवढीच परवानगी पुरते. ‘नेहमी परवानगी’ म्हणूनच काढून टाकावी, असे मी आग्रहाने सुचवेन. फेरी संपल्यावर चालक बाजारात गेला की घरी, हे अ‍ॅपला कळण्याचे काहीच कारण नाही. मात्र सिस्टिमने सर्व्हिस मध्येच बंद केली, तर ती पडद्यामागून आपोआप पुन्हा सुरू होईल या भरवशावर राहू नये. चालकाला बटण पुन्हा दाबावे लागेल.

ठिकाण मागताना फ्यूज्ड लोकेशन प्रोव्हायडर (उपग्रह, वाय-फाय आणि मोबाइल टॉवर यांवरून ठिकाण ठरवणारी गुगलची सेवा) वापरावा आणि अंतर २० सेकंदांचे ठेवावे. वर सांगितलेल्या वेगाने बस तेवढ्यात साधारण १६५ मीटर सरकते, जे थांब्यावर उभ्या असलेल्या पालकाला पुरेसे आहे. किमान हालचालीची अट, उदाहरणार्थ ३० मीटरची, घातल्यास बॅटरी वाचते खरी. पण मग उभ्या बसकडून काहीच येत नाही आणि बस थांबली की अ‍ॅप बंद पडले, हे पालकांना उमगत नाही. त्यामुळे सत्तरीच्या रस्त्यांवर ही अट नसलेलीच बरी. नकाशावरील ठिपक्याशेजारी ‘शेवटची नोंद ७.४२’ अशी वेळ मात्र अवश्य दाखवावी.

रानाच्या वाटेवर इंटरनेट गेले तरी उपग्रहांवरून ठिकाण मिळतच राहते. त्या नोंदी वेळेसह फोनमध्येच साठवाव्यात आणि रेंज आल्यावर एकत्र पाठवाव्यात.

काही फोनमध्ये निर्मात्याची स्वतःची बॅटरी-बचत व्यवस्था असते. तिच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्या अ‍ॅपवरील बंधन चालकाकरवी काढून घ्यावे. आणि चाचणी टेबलावर करू नये, कारण संगणकाच्या केबलला जोडलेला फोन चार्ज होत असतो व तेव्हा डोझसारखी (न वापरलेल्या फोनमध्ये अ‍ॅपची कामे लांबवणारी अँड्रॉइडची बॅटरी-बचत) बंधने लागूच होत नाहीत. केबल काढून, पडदा बंद करून, फोन खिशात ठेवून बालरथातून एक पूर्ण फेरी मारावी.