प्लॅनिंग करताना हातातला स्टॉक वजा करावा की नाही?

तुमचा प्रश्न असा: पंपांची महिन्याची मागणी ५००, तयार पंप १२० पडून आहेत, तर एसएपीत (कारखान्याचं प्लॅनिंग चालतं त्या सॉफ्टवेअरमध्ये) ५०० टाकायचे की ३८०? आणि १० नंबरच्या स्ट्रॅटेजीऐवजी (सिस्टिममधल्या प्लॅनिंगच्या पद्धतीऐवजी) ११ लावली तर काय बिघडेल?

५०० टाका. वजाबाकी सिस्टिमचं काम आहे, तुमचं नाही. १० नंबरची स्ट्रॅटेजी ५०० मधून १२० स्वतः वजा करते, चालू ऑर्डरींवर येऊ घातलेला मालही धरते आणि सेफ्टी स्टॉक (अडीअडचणीसाठीचा राखीव साठा) ५० ठेवला असेल तर तो वर चढवते. चालू ऑर्डर नसेल तर ४३० चा प्लॅन निघतो. घोळ होतो तो एक्सेलमध्ये. सेल्सवाला हुशारीने १२० आधीच वजा करून ३८० पाठवतो, प्लॅनर तोच आकडा चढवतो, रात्रीच्या रनमध्ये एमआरपी (काय किती बनवायचं-मागवायचं ते काढणारा सिस्टिमचा हिशेब) पुन्हा १२० वजा करतं आणि उरतात २६०. सेफ्टी स्टॉकचे ५० धरले तरी ३१०, म्हणजे हवे होते त्यापेक्षा १२० कमीच. महिनाअखेरीला शिव्या मात्र शॉप फ्लोअरने खायच्या. सेल्सच्या शीटमध्ये आकड्याच्या डोक्यावर ‘स्टॉक वजा केलेला नाही’ एवढे शब्द छापून ठेवले तरी निम्मी भांडणं मिटतील.

११ नंबर स्टॉककडे बघतच नाही. तुम्ही दरमहा ५०० टाकलेत आणि ४६० च गेले, तर दर महिन्याला ४० पंप गोदामात साठतील, वर्षाला ४८०, आणि सिस्टिम हूं की चूं करणार नाही. ही स्ट्रॅटेजी ज्यांची भट्टी थांबवता येत नाही त्यांच्यासाठी आहे: सिमेंटची किल्न, पोलादाची ब्लास्ट फर्नेस. साखर कारखान्याचा हंगामही त्याच जातीचा. तोडलेला ऊस वाट बघत नाही, गोदामात किती पोती आहेत हे बघून गाळप ठरत नाही. पंपाची असेंब्ली लाइन थांबवता येते. तुम्हाला ११ ची गरज नाही.

तरी लोक ११ मागतात, आणि खरं कारण कुणी बोलत नाही: स्टॉकच्या आकड्यावर विश्वास नसतो. “सिस्टिममध्ये दिसतं, रॅकवर नसतं, मग वजाच करू नका.” हे मला अजिबात पटत नाही. शिवाय पंपाला ११ लावली म्हणून खालच्या भागांचा स्टॉक वजा व्हायचा थांबत नाही. प्रत्येक भाग स्वतःच्या सेटिंगप्रमाणे चालतो, त्यामुळे रोग जिथे आहे तिथे हे औषध पोचतच नाही.

रोग कुठे असतो ते शाफ्टच्या रॉडवर बघा. २५ मिमीचा रॉड, ६ मीटरचा बार, खरेदी किलोवर. वर्कशॉपचं नेहमीचं गणित, व्यासाचा वर्ग भागिले १६२: मीटरला ३.८५८ किलो. शाफ्ट ३०० मिमी आणि कापताना पात्यात जाणारे ३ मिमी, म्हणजे ३०३ मिमी. बीओएममध्ये (एका नगाला कोणता माल किती लागतो त्या यादीत) कुणीतरी १.१६९ किलो टाकून मोकळं झालेलं असतं. कागदावर बरोबर. पण एका बारमधून १९ च शाफ्ट निघतात आणि शेवटी २४३ मिमीचा तुकडा उरतो. ५० बार कापले की ९५० शाफ्ट होतात आणि सिस्टिममध्ये ४७ किलो रॉड शिल्लक दिसतो. एमआरपीच्या हिशेबाने ते ४० शाफ्ट झाले, म्हणून पुढच्या खरेदीतून तेवढा रॉड कमी मागवला जातो. प्रत्यक्षात त्या ढिगातून एकही शाफ्ट निघत नाही.

गंमत म्हणजे ३१ मार्चच्या मोजणीत हे सापडत नाही. तुकडे काट्यावर ठेवले की बरोबर ४७ किलो भरतात आणि अकाउंट्सवाले म्हणतात, “स्टॉक जुळला, चूक प्लॅनिंगची.” जुळला खरा, पण तो भंगाराचा स्टॉक आहे, रॉडचा नाही. तुकड्यांतून दुसरा छोटा भाग निघत असेल तर त्यांना वेगळा कोड द्या, नसेल तर स्क्रॅपमध्ये बुक करा. आणि बीओएममधला आकडा ६ मीटर भागिले १९ असा काढा: १.२१८ किलो. मग ९५० शाफ्टना सिस्टिमही शून्यावर येते आणि रॅकही.

हीच गोष्ट इम्पेलरची, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकाची. मशिनिंगमध्ये शेकडा ४ जात असतील आणि ते कुणी बुक करत नसेल, तर दर १०० पंपांमागे सिस्टिममध्ये ४ भुताचे इम्पेलर तयार होतात. बीओएममध्ये कंपोनंट स्क्रॅप ४ टक्के टाका, ४३० पंपांना ४४८ मागवले जातील. पण बॅकफ्लश (पंप बनल्याची नोंद होताच भाग बीओएमप्रमाणे आपोआप वजा होणं) असेल तर हे चारही तिथेच वजा होतात. वर पुन्हा हाताने स्क्रॅप बुक केला तर स्टॉक उलट्या बाजूने चुकतो. दोन्हीपैकी एकच करा.

तपासणीत अडकलेला माल एसएपी मुळात उपलब्ध धरते, ब्लॉक केलेला धरत नाही. तुमच्याकडे कास्टिंग दोन-दोन आठवडे क्यूसीत पडत असतील तर १० नंबरही तुम्हाला फसवेल, हे मान्य. तेव्हा क्यूसीचे दिवस मटेरियल मास्टरमधल्या (सिस्टिममधल्या त्या मालाच्या मूळ नोंदीतल्या) जीआर प्रोसेसिंग टाइममध्ये, म्हणजे माल आल्यापासून वापरायला मिळेपर्यंतच्या दिवसांत, धरा, म्हणजे ऑर्डर तेवढी आधी निघेल.

एवढं वाचूनही ११ लावायचीच असेल, तर मटेरियल मास्टरच्या ‘एमआरपी ३’ या पानावर मिक्स्ड एमआरपीच्या खान्यात २ टाकावा लागतो. १० मध्ये प्लॅनचा आकडा माल बाहेर गेला की कमी होतो, ११ मध्ये माल बनून आत आला की. मास्टरमध्ये स्ट्रॅटेजी बदलली तरी आधी टाकलेले आकडे जुन्याच प्रकारात राहतात, ते काढून नव्याने टाका.